बल्बवर वेळ लिहिली का? अँजिओप्लास्टी आणि रक्तातल्या दाहाचे आकडे

वॉर्डातून मामा (वॉर्डबॉय) रक्ताचे बल्ब, म्हणजे नमुन्याच्या नळ्या, घेऊन येतात तेव्हा लेबलवर नाव असतं, नोंदणी क्रमांक असतो, तारीख असते. वेळ नसते. हिमोग्लोबिनला हे एकवेळ चालून जातं. हृदयाच्या धमनीत फुगा फुगवून स्टेंट बसवलेल्या (अँजिओप्लास्टी झालेल्या) माणसाच्या सीआरपीला, म्हणजे शरीरातला दाह (इन्फ्लमेशन) दाखवणाऱ्या आकड्याला, चालत नाही. सकाळी दहाला अँजिओप्लास्टी झाली आणि दुपारी चारला रक्त घेतलं तर एक आकडा येतो, दुसऱ्या दिवशी सकाळी घेतलं तर दुसरा, आणि डिस्चार्जच्या गडबडीत तिसऱ्या दिवशी घेतलं तर तिसराच. तिन्ही बरोबर. त्यातला कोणता आकडा रुग्णाबद्दल बोलतोय आणि कोणता नुसता फुग्याबद्दल, हे वेळ कळल्याशिवाय सांगता येत नाही. प्रयोगशाळेच्या बाकावर आम्हाला सगळ्यात जास्त नडतं ते हेच.

सीआरपी, म्हणजे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या सिरममध्ये (रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवात) सापडलं. न्यूमोकॉकस जंतूच्या 'सी' नावाच्या पॉलिसॅकराइडला चिकटून ते गाळ धरत होतं, म्हणून नावात 'सी' आला. ते मुख्यतः यकृतात तयार होतं आणि ते तयार करायचा हुकूम प्रामुख्याने इंटरल्यूकिन-६ हे पेशींनी सोडलेलं निरोप्या प्रथिन देतं. हुकूम सुटल्यावर सहा ते आठ तासांत पातळी वर चढलेली दिसते आणि दोन दिवसांच्या आसपास शिखर गाठते. अर्धआयुष्य सुमारे १९ तास, आणि आजार कोणताही असला तरी ते जवळजवळ तेवढंच राहतं. म्हणजे रक्तातली पातळी ठरते ती यकृत किती बनवतंय यावरच. दाहाचा उगम थांबला की आकडा रोज निम्म्याहून खाली यायला हवा. येत नसेल तर कुठेतरी अजून काही पेटलेलं आहे.

आता मागणीपत्राकडे. त्यावर 'सीआरपी' आणि 'एचएस-सीआरपी' असे दोन चौकोन असतात आणि निवासी डॉक्टर घाईत हाताला येईल त्यावर टिकमार्क करतात. एचएस म्हणजे हाय-सेन्सिटिव्हिटी, अतिसूक्ष्म मोजणी. प्रथिन दोन्हीकडे एकच, फरक आहे तो मोजण्याच्या पट्टीत. अँटिबॉडी चढवलेले लॅटेक्सचे बारीक मणी सिरममध्ये मिसळतात, सीआरपी त्यांना एकत्र बांधतं, द्रव गढूळ होतो आणि तो गढूळपणा यंत्र प्रकाशाने मोजतं. साध्या सीआरपीची पट्टी जंतुसंसर्गासाठी बनवलेली असते. ५ किंवा ६ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या खाली ती नुसतं '६ पेक्षा कमी' छापून मोकळी होते. हृदयरोगाचा सगळा प्रश्न मात्र अर्धा ते दहा याच पट्ट्यात असतो. एकाचा ०.७ आणि दुसऱ्याचा ४.८, यांच्या पुढच्या जोखमीत बराच फरक आहे, पण साध्या पट्टीवर दोघंही 'नॉर्मल' दिसतात. तालुक्याच्या लहान लॅबमध्ये अजूनही काचपट्टीवर थेंब टाकून 'पॉझिटिव्ह-निगेटिव्ह' सांगणारी तपासणी चालते. तिचा इथे काहीही उपयोग नाही, भले फाइलीत सीआरपीचा रिपोर्ट लागलेला दिसो.

दुसरा घोळ एककाचा. काही लॅब मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये छापतात, काही प्रति लिटरमध्ये. ०.४ प्रति डेसिलिटर म्हणजे ४ प्रति लिटर. अँजिओप्लास्टीआधीचा रिपोर्ट एका लॅबचा ०.४ आणि सहा आठवड्यांनंतरचा दुसऱ्या लॅबचा ४.० असेल, तर नातेवाईक 'दहापट वाढला' म्हणून घाबरून येतात. आकडा जागचा हललेलाच नसतो. म्हणून आधीची आणि नंतरची तपासणी शक्यतो एकाच लॅबमध्ये, एकाच पद्धतीने करावी. यंत्र बदललं की पायाच बदलतो.

नमुना घेणं सोपं आहे, पण कॅथलॅबच्या (अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीतल्या) रुग्णात तीन ठिकाणी ते बिघडतं. उपाशी राहायची गरज नाही. प्लेन किंवा जेलचा बल्ब, अर्धा तास गुठळी धरू द्यायची, मग सेंट्रिफ्यूज. पण अँजिओप्लास्टीत किलोमागे ७० ते १०० युनिट हेपारिन हे रक्त गोठू न देणारं औषध दिलेलं असतं, त्यामुळे त्या रक्ताची गुठळी उशिरा आणि अर्धवट धरते. अर्ध्या तासात घाईने फिरवलं तर सिरममध्ये फायब्रिनचे बारीक तंतू राहतात, यंत्राच्या सुईत अडकतात, सुई कमी सिरम ओढते आणि आकडा खोटा कमी येतो. अशा नमुन्याला जास्त वेळ द्यावा, नाहीतर किट चालवून घेत असेल तर हिरव्या झाकणाच्या बल्बमधला प्लाझ्मा वापरावा. दुसरी चूक म्हणजे मनगटातल्या किंवा जांघेतल्या शीथमधून (प्रक्रियेसाठी धमनीत बसवलेल्या नळीतून) रक्त ओढणं. शीथ हेपारिनच्या सलाइनने धुतलेलं असतं, म्हणून पहिले काही मिलिलिटर टाकून द्यायलाच हवेत. तिसरी चूक, सलाइन चालू असलेल्या हातातूनच सुई घालणं. सीआरपीबरोबर हिमोग्लोबिनही अचानक पडलेलं दिसलं तर रक्तस्राव शोधण्याआधी सिस्टरना विचारा, कोणत्या हातातून घेतलं?

स्थिर रुग्णाचा, म्हणजे आधीच तारीख ठरवून अँजिओप्लास्टीला आलेल्या माणसाचा, पहिला नमुना क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि इतर तपासण्यांबरोबरच घ्यावा. सगळ्या आकड्यांत हा सर्वांत मोलाचा आणि सर्वांत जास्त विसरला जाणारा. एकदा फुगा फुगला की तो परत मिळत नाही. अमेरिकेतल्या सीडीसी आणि हार्ट असोसिएशनने २००३ साली घातलेल्या पायऱ्या आजही वापरात आहेत: १ च्या खाली कमी जोखीम, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. १० च्या वर गेला तर तो हृदयाचा आकडा समजू नये. आधी संसर्ग किंवा दुसरा दाह शोधावा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा मोजावा. आपल्याकडे पावसाळ्यात या नियमाची फार आठवण येते. डेंग्यू, चिकुनगुनिया, साधा खोकला, पिकलेली दाढ, मधुमेही पायाची जखम, सुजलेले गुडघे, यातलं काहीही आकडा फुगवतं. आणि ग्रामीण महाराष्ट्रातल्या बायांना हिरड्यांबद्दल विचारताना मिश्रीबद्दल नाव घेऊन विचारावं लागतं. 'तंबाखू खाता का?' म्हटलं की उत्तर 'नाही' येतं, कारण मिश्री लावणं म्हणजे तंबाखू खाणं नव्हे असंच त्या मानतात.

हार्ट अटॅक घेऊन आलेल्या रुग्णाचा हिशोब वेगळा. छातीत दुखायला लागून दोन-तीन तासांत माणूस पोचला असेल तर आल्याबरोबर घेतलेला सीआरपी त्याचा मूळचा असतो, कारण अटॅकचा हुकूम यकृतापर्यंत पोचून आकडा चढायला अजून अवकाश असतो. त्या वेळी ट्रोपोनिनसाठी (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर रक्तात येणाऱ्या प्रथिनासाठी) रक्त काढतातच, त्यातच एक प्लेन बल्ब भरला की काम झालं. पण दुखणं 'गॅस' समजून घरी काढून, तालुक्याहून जिल्ह्याला आणि तिथून शहराला असा दीड दिवसाने जो पोचतो, त्याचा पहिलाच आकडा ४०-५० असू शकतो. तो मेलेल्या स्नायूचा आकडा आहे. जितका जास्त स्नायू मेला, तितका मोठा सीआरपी. पुढे हृदय कमजोर पडण्याची शक्यता तो सांगतो, पण धमन्यांच्या भिंतीत वर्षानुवर्षं धुमसणाऱ्या दाहाबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

मग प्रत्यक्ष प्रक्रिया. आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये पहिल्यांदा माणसाच्या जाग्या हृदयात फुगा फुगवला, तेव्हापासून तत्त्व तेच आहे. धमनीत साचलेला थर दाबून, तडकवून वाट करायची. तडा गेला की आतलं अस्तर खरवडलं जातं, चरबी आणि मृत पेशींचा आतला गाळ रक्ताला लागतो, प्लेटलेट आणि न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी चिकटतात, इंटरल्यूकिन-६ सुटतं. त्यावर स्टेंटची धातूची जाळी भिंतीत कायमची रुतून बसते. म्हणून कसलीही गुंतागुंत न होता, एका छोट्या स्टेंटवर काम भागलं तरी पुढच्या एक-दोन दिवसांत सीआरपी चढतो. काहींचा जेमतेम हलतो, काहींचा कित्येक पटींनी वाढतो. लांब स्टेंट, पुन्हा पुन्हा फुगवलेला फुगा, चुन्यासारखा कडक थर घासून काढण्यासाठी चालवलेली रोटाब्लेशनची गिरमिट, आणि मुळातच जास्त असलेला आकडा, या सगळ्यांनी चढण उभी होते.

या चढणीला औषधाने रोखलं तर फायदा होतो का, हे तपासून झालं आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या कोल्चिसीन-पीसीआय चाचणीत ४०० जणांना अँजिओप्लास्टीच्या आधी कोल्चिसीन किंवा बिनऔषधाची गोळी दिली. कोल्चिसीनवाल्यांत दुसऱ्या दिवशीची इंटरल्यूकिन-६ आणि सीआरपीची वाढ कमी झाली, पण हृदयाच्या स्नायूला प्रक्रियेत होणारी इजा कमी झाली नाही. म्हणून दुसऱ्या दिवशीच्या सीआरपीवरून नातेवाइकांना 'धोका वाढलाय' असं सांगू नये. त्या दिवशी त्याचा खरा उपयोग एवढाच: आकडा अपेक्षेपेक्षा फारच मोठा आला, तर रुग्णाला नखशिखांत तपासा. सलाइनच्या जागी शीर लाल झाली आहे का, जांघेत रक्त साकळलं आहे का, लघवीच्या नळीमुळे जंतुसंसर्ग झाला आहे का, छातीत घरघर आहे का.

प्रक्रियेत स्नायूला इजा झाली की नाही हे ट्रोपोनिनला विचारायचं, सीआरपीला नाही. २०१८ च्या जागतिक व्याख्येनुसार, आधीचा ट्रोपोनिन नॉर्मल असताना अँजिओप्लास्टीनंतर तो ९९ व्या पर्सेंटाइलच्या (शंभरातल्या ९९ निरोगी माणसांचा आकडा ज्याच्या आत असतो त्या) मर्यादेच्या पाचपटीहून वर गेला, आणि जोडीला ईसीजीतला बदल, इको-सोनोग्राफीतला नवा दोष किंवा अँजिओग्राफीत दिसलेली गुंतागुंत असेल, तरच त्याला प्रक्रियेमुळे आलेला अटॅक म्हणायचं. दोन्ही आकडे फाइलीत शेजारीशेजारी असावेत. दोघांची घड्याळं वेगळी आहेत: ट्रोपोनिन काही तासांतच बोलू लागतो, सीआरपीला दुसरा दिवस उजाडावा लागतो.

दाहाबद्दल सांगणारे इतर आकडेही असतात. जांभळ्या झाकणाच्या बल्बातल्या सीबीसीवरून न्यूट्रोफिल भागिले लिंफोसाइट हे दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशींचं गुणोत्तर फुकटात निघतं आणि प्रबंधांत ते फार लोकप्रिय आहे. अँजिओप्लास्टीनंतर वाईट गोष्टी घडलेल्यांत ते सरासरीने जास्त असतं, हे खरं. पण अँजिओग्राफीत सोडायचा डाय (रंगद्रव्य) सहन न होणाऱ्या रुग्णाला आधी स्टेरॉइड दिलं की न्यूट्रोफिल वर जातात, लिंफोसाइट खाली येतात आणि गुणोत्तर आकाशाला भिडतं. प्रबंधाच्या तक्त्यात स्टेरॉइडचा रकाना नसेल तर त्या तक्त्यावर आम्ही फारसा भरवसा ठेवत नाही. ईएसआर त्याहून ढिला: तासभर उभ्या नळीत लाल पेशी किती मिलिमीटर बसल्या एवढंच तो सांगतो. ॲनिमिया, वय आणि फायब्रिनोजेन त्याला हलवतात, आणि दाह ओसरल्यावरही तो कितीतरी दिवस चढलेलाच राहतो.

खरा प्रश्न सहा आठवड्यांनी सुरू होतो. फुग्याची जखम तोवर शांत झालेली असते, अटॅकचा स्नायू व्रण धरत असतो, स्टॅटिनचा (कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीचा) पूर्ण परिणाम दिसू लागलेला असतो. आता जो आकडा येईल तो रुग्णाचा स्वतःचा. न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई रुग्णालयात अँजिओप्लास्टी झालेल्या ७,०२६ जणांचे निदान चार आठवड्यांच्या अंतराने घेतलेले दोन-दोन एचएस-सीआरपी २०१८ मध्ये तपासले गेले. रेषा २ वर आखली होती. दोन्ही वेळा २ किंवा वर राहिलेले ३८ टक्के निघाले. त्यांच्यातले २.६ टक्के वर्षभरात दगावले, आणि दोन्ही वेळा २ च्या खाली राहिलेल्यांत हे प्रमाण ०.७ टक्के होतं. एका आकड्याने जे कळलं नसतं ते दोन आकड्यांच्या जोडीने कळलं. म्हणूनच सुरुवातीचा नमुना चुकला की पुढचं अर्धं शहाणपण हातचं जातं.

इथे एक गैरसमज. अनेक रुग्ण, आणि थोडे डॉक्टरही, असं धरून चालतात की जास्त सीआरपी म्हणजे स्टेंट पुन्हा बंद होणार. मृत्यू आणि नव्या अटॅकशी सीआरपीचं नातं घट्ट आहे, त्याच स्टेंटच्या जागी पुन्हा अरुंद होण्याशी ते सैल आहे. साध्या धातूच्या स्टेंटच्या काळात ते थोडं तरी दिसायचं. आताच्या स्टेंटवर सिरोलिमसच्या जातीचं औषध असतं आणि ते त्या जागेवरची पेशींची वाढ जागीच दाबून टाकतं. धोका असतो तो त्याच माणसाच्या दुसऱ्या, अजून हात न लावलेल्या थरांना.

सहा आठवड्यांनी आकडा २ च्या वर आला तर काय? पहिल्यांदा पिशवीतली औषधं टेबलावर काढायला सांगायची. स्टॅटिन 'पाय दुखतात' म्हणून परस्पर बंद केलेलं बऱ्याचदा तिथेच सापडतं. स्टॅटिन कोलेस्टेरॉलबरोबर सीआरपीही उतरवतात, ते बंद झालं की दोन्ही चढतात. मग एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, पाहायचा. एलडीएल ७० च्या वर असेल तर आधी तो खाली आणायचा. एलडीएल उतरला आणि सीआरपी तसाच राहिला, तर त्याला उरलेली दाहाची जोखीम म्हणतात. मग विडी-सिगारेट, मिश्री, हिरड्या, पोटाचा घेर, साखर, आणि क्षयाची शंका, अशा क्रमाने चौकशी करायची.

एवढं करूनही न उतरल्यास औषधाचा प्रश्न येतो, आणि इथे चाचण्यांचा इतिहास मजेशीर आहे. २०१७ च्या कँटॉस चाचणीत पूर्वी अटॅक आलेल्या आणि सीआरपी २ च्या वर असलेल्या १०,०६१ जणांवर कॅनाकिनुमॅब हे दाह रोखणारं इंजेक्शन वापरलं गेलं. एलडीएलला हात न लावता दीडशे मिलिग्रॅमच्या मात्रेने पुढचे झटके (अटॅक, पक्षाघात, हृदयविकाराने मृत्यू अशा घटना मिळून) सुमारे १५ टक्क्यांनी घटले. दाह कमी केल्याने फायदा होतो याचा हा पहिला पक्का पुरावा. पण जीवघेणे संसर्ग वाढले, आणि हृदयरोगासाठी त्याला मान्यता मिळाली नाही. नंतर सर्ट चाचणीत स्वस्त मेथोट्रेक्सेट वापरून पाहिलं. त्याने ना सीआरपी उतरला ना झटके कमी झाले. मग वातावर दिली जाणारी जुनी कोल्चिसीन, रोज अर्धा मिलिग्रॅम. २०१९ च्या कोलकॉटमध्ये अटॅकनंतर महिन्याभरात सुरू केल्यावर झटके ७.१ टक्क्यांवरून ५.५ वर आले. २०२० च्या लोडोको-२ मध्ये स्थिर रुग्णांत ९.६ वरून ६.८ वर. सगळे खूश. आणि २०२४ ची क्लिअर सिनर्जी: अटॅकमध्ये अँजिओप्लास्टी झालेले ७,०६२ जण, झटके कोल्चिसीनवर ९.१ टक्के, बिनऔषधाच्या गोळीवर ९.३. फरक नाहीच म्हणायचा. गंमत म्हणजे तीन महिन्यांनी सीआरपी कोल्चिसीनवाल्यांत स्पष्ट कमी होता. आकडा उतरला, माणसाचं नशीब नाही. याचं कारण कदाचित सीआरपीच्या स्वभावातच असेल: ज्यांच्यात जन्मतःच जनुकांमुळे सीआरपी जास्त असतो त्यांना त्यामुळे हृदयविकार जास्त होत नाही. म्हणजे तो खूण आहे, कारण नव्हे. आमच्या मते स्थिर रुग्णात, सगळं करूनही २ च्या वर राहिलेल्याला कोल्चिसीन विचारात घेणं रास्त आहे. अटॅक आलेल्या प्रत्येकाला सरसकट देणं नाही.

द्यायचीच तर आधी क्रिएटिनिन पाहावं. मूत्रपिंड खूपच मंद असेल तर ती साठत जाते. क्लॅरिथ्रोमायसिन किंवा इट्राकोनॅझोल त्याच वेळी सुरू झालं तर विषबाधा होऊ शकते, आणि घशाला किंवा नायट्याला ही औषधं बाहेरचा डॉक्टर सहज लिहून देतो, कारण त्याला कोल्चिसीनचा पत्ता नसतो. जुलाब ही नेहमीची तक्रार. स्टॅटिनबरोबर मांड्या ओढल्यासारख्या किंवा लुळ्या वाटल्या तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवावं.

बायपासचं गणित याहून मोठ्या आकड्यांचं. छाती उघडणं, रक्त यंत्राच्या प्लॅस्टिकमधून फिरवणं, दोन्हींनी यकृत पेटून उठतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सीआरपी दीडशे-दोनशे येणं हे नेहमीचं आहे, त्यासाठी अँटिबायोटिक बदलू नये. तिथे उंची पाहायची नाही, आकार पाहायचा. चढला, शिखर गाठलं, रोज उतरतोय, तर ठीक. पाचव्या-सहाव्या दिवशी उतरता उतरता पुन्हा चढायला लागला तर उरोस्थीची जखम, फुप्फुसं आणि पायाची शीर काढलेली जागा उघडून पाहायची, ताप नसला तरी. मधुमेही रुग्णात बऱ्याचदा ताप येतच नाही.

डिस्चार्ज कार्डावर आम्ही पाच गोष्टी लिहायला सांगतो: प्रक्रियेची तारीख आणि वेळ, आधीचा एचएस-सीआरपी एककासह, तो कुठल्या लॅबचा, त्या वेळी ताप-खोकला होता का, आणि सहा आठवड्यांनंतरची तारीख. त्या तारखेला माणूस शिंकत, नाक पुसत आला, तर त्या दिवशी बल्ब भरत नाही. बरा होऊन दोन आठवड्यांनी यायला सांगतो.